आलेख सपाट, तारे लांबट: गायडिंग दुरुस्तीच्या नोंदी

२५ जानेवारी २०२५

एनजीसी २९०३ वर पहिली रात्र. सिंह राशीतली ही सर्पिल दीर्घिका मेसियेच्या अंधुक पिंडांच्या प्रसिद्ध यादीतून सुटली आणि १७८४ साली विल्यम हर्शेलच्या नजरेला पडली. दोन वर्षं मनात आहे, यंदा तिचा चांगला फोटो घ्यायचाच.

साहित्य नोंदवून ठेवतो, पुढे हिशेबाला लागेल. २०० मिमी व्यासाची एफ/५ न्यूटनियन दुर्बीण, म्हणजे नाभीय अंतर १००० मिमी. कॅमेऱ्याचा पिक्सेल ३.७६ मायक्रॉन. नळीच्या वर दोन रिंगांमध्ये बसवलेली २४० मिमी नाभीय अंतराची गाइड दुर्बीण, तिच्या मागे २.९ मायक्रॉन पिक्सेलचा गाइड कॅमेरा. जर्मन विषुववृत्तीय माउंट, म्हणजे ताऱ्यांबरोबर दुर्बीण फिरवणारा आधार. त्याच्या आरएचं (पूर्व-पश्चिम हालचालीचं) चाक १३५ दातांचं, ते वर्म म्हणजे मळसूत्री दांडा फिरवतो. गायडिंगला, म्हणजे फ्रेम चालू असताना एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंटला सतत दुरुस्त्या द्यायला, पीएचडी-२ हे सॉफ्टवेअर.

पिक्सेलचा आकार भागिले नाभीय अंतर, गुणिले २०६.२६५. या हिशेबाने मुख्य कॅमेऱ्याचा एक पिक्सेल ०.७८ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) आकाश व्यापतो, तर गाइड कॅमेऱ्याचा २.४९ विकला.

रात्रभर गायडिंगचा आलेख देखणा होता. एकूण आरएमएस (एक प्रकारची सरासरी चूक) ०.७ विकलेच्या आसपास, आरए आणि डेक (उत्तर-दक्षिण) या दोन्ही रेषा शून्याला धरून. ३०० सेकंदांच्या २२ फ्रेम घेतल्या. पहिली फ्रेम मोठी करून पाहिली आणि मन खट्टू झालं. प्रत्येक तारा तांदळाच्या दाण्यासारखा. २२ च्या २२ फ्रेम तशाच.

२६ जानेवारी

दिवसा फ्रेम तपासल्या. लांबट तारे पाहिले की लगेच माउंटला दोष द्यायचा, ही घाई टाळायची असं ठरवलं होतं. आधी आकार वाचला.

चारही कोपऱ्यांत आणि मध्यभागी तारे एकाच दिशेने लांबट आहेत. सेन्सर आणि कोमा करेक्टर (कडेच्या ताऱ्यांचा आकार सुधारणारं भिंग) यांच्यामधलं अंतर चुकलं असतं तर कोपऱ्यांतले तारे केंद्राकडे तोंड करून ताणले गेले असते. सेन्सर तिरका असता तर एखादाच कोपरा बिघडला असता. इथे तसं काही नाही, म्हणजे चित्र पडत असताना सगळं आकाशच एका बाजूला सरकलंय. ताऱ्याची लांबी रुंदीपेक्षा जवळपास ४ पिक्सेलने जास्त, म्हणजे ३ विकलांहून थोडी अधिक.

रात्री फोकस बघायला घेतलेल्या ३० सेकंदांच्या चार फ्रेम होत्या. त्यांतले तारे गोल आहेत. ही सगळ्यात मोलाची खूण. वाऱ्याचा धक्का किंवा सैल स्क्रूमुळे बसलेला झटका असता तर तो छोट्या फ्रेममध्येही अधूनमधून दिसला असता. इथे काहीतरी हळूहळू, न थांबता सरकतंय.

लांबटपणाची दिशा ना आरएची आहे ना डेकची. दोन्हींच्या मधली, तिरकी.

२७ जानेवारी

पोलर अलाइनमेंटपासून, म्हणजे माउंटचा अक्ष खगोलीय ध्रुवाशी जुळवण्यापासून, सुरुवात केली. पीएचडी-२ मधलं मोजणीचं साधन, गायडिंग असिस्टंट, दहा मिनिटं चालवलं. डेकमध्ये मिनिटाला २.१ विकला सरक दिसली. ध्रुवाच्या जुळणीत १ कला (६० विकला) चूक असेल तर डेकची सरक जास्तीत जास्त मिनिटाला ०.२६ विकला होते, म्हणजे माझी चूक निदान ८ कला. पूर्वी जुळवलेला खांब, बोल्टला हात लावला नव्हता, म्हणून मी गृहीत धरलं होतं की सगळं जागेवर असेल. पाऊण तास खर्चून चूक १ कलेच्या आत आणली.

डेकचे पल्स (माउंटला दिलेल्या छोट्या दुरुस्त्या) लगेच कमी झाले, आलेख आणखी शांत झाला. तारे मात्र जसेच्या तसे.

खरं तर हे होणारच होतं. ध्रुवाची चूक गायडिंग भरून काढतंच, त्यातून उरतं ते क्षेत्रभ्रमण, आणि त्यात तारे गाइड ताऱ्याभोवती चापासारखे फिरलेले दिसतात. सरळ, समांतर दाणे त्यातून येत नाहीत. कालची माझीच नोंद हे सांगत होती. तरी जुळणी सुधारली, ते काम वाया गेलं नाही.

२९ जानेवारी

अमावास्या, पण हवा धूसर. फोटोऐवजी डेकचा बॅकलॅश, म्हणजे दातांमधला मोकळा खेळ, हाती घेतला.

गायडिंग असिस्टंटने २४०० मिलिसेकंद दाखवले. गाइड वेग तारकीय वेगाच्या निम्मा, सेकंदाला ७.५ विकला. म्हणजे दिशा बदलल्यावर १८ विकला मोटर नुसतीच फिरते, अक्ष हलत नाही. फार आहे हे.

वर्मच्या खोक्यावर दोन ग्रब स्क्रू समोरासमोर असतात. एक सैल केल्याशिवाय दुसरा कसायचा नाही. ॲलन की एका फेरीच्या आठव्या भागाइतकीच फिरवायची आणि दर वेळी अक्ष मोटरने पूर्ण फिरवून आवाज ऐकायचा. तिसऱ्या खेपेला मोटरचा सूर एका जागी जाड झाला, घरघर आली. चाक पूर्ण गोल नसतं. एका दाताशी मोकळं वाटणारं वर्म दुसऱ्या दाताशी आवळलं जातं. म्हणून सगळ्यात घट्ट जागा शोधून तिथे जुळवायचं आणि बाकी ठिकाणचा खेळ मान्य करायचा. थंडीत धातू आकसतो, त्यासाठी थोडी मोकळीक अजून ठेवली. शेवटी ६०० मिलिसेकंद, म्हणजे ४.५ विकला. यापेक्षा कमी करण्याच्या मोहात पडू नये, अडकलेलं वर्म सैल वर्मपेक्षा जास्त त्रास देतं.

आरएमएस ०.५५ वर आला. चाचणीची एक ३०० सेकंदांची फ्रेम घेतली. तांदूळ.

३ फेब्रुवारी

ढग. लॉग पुन्हा वाचले, नवीन काही नाही.

८ फेब्रुवारी

आजची रात्र महत्त्वाची. चंद्र मोठा आहे, फोटोला उपयोग नाही, पण मोजमापाला चंद्राची अडचण नसते.

इतके दिवस मी माउंटच दुरुस्त करत होतो, कारण आकडे माउंटचेच येत होते. पण गायडिंगचा आलेख एवढंच सांगतो की गाइड कॅमेऱ्यावरचा तारा जागेवर आहे. मुख्य दुर्बीण त्या वेळी कुठे पाहतेय याची त्याला खबर नसते. दोन्ही दुर्बिणी एकमेकींना घट्ट धरून असतील तरच एकीची साक्ष दुसरीला लागू होते. हेच आज तपासलं.

पद्धत सोपी आहे. एक तास गायडिंग न थांबवता, डिदरिंग (दोन फ्रेमच्या मध्ये दुर्बीण मुद्दाम किंचित सरकवणं) बंद ठेवून, ३०० सेकंदांच्या १२ फ्रेम. मग प्रत्येक फ्रेम प्लेट सॉल्व्ह करून, म्हणजे तिच्यातल्या ताऱ्यांवरून जागा ओळखून, केंद्राचा विषुवांश आणि क्रांती (आकाशातले निर्देशांक) काढायची. दोन्ही दुर्बिणी एकजीव असतील तर केंद्र हलता कामा नये.

केंद्र तासात ३७ विकला हललं. एकाच दिशेने, फ्रेममागून फ्रेम, जवळपास सारख्या पावलांनी. ३७ भागिले १२, म्हणजे फ्रेममागे ३.१ विकला. मुख्य कॅमेऱ्यावर ४ पिक्सेल. २६ तारखेला ताऱ्यांवर मोजलेली लांबी नेमकी हीच होती.

मध्यरात्रीनंतर दीर्घिकेने याम्योत्तर (डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा) ओलांडलं, दुर्बीण पलीकडे वळवली आणि तीच मोजणी पुन्हा केली. आता सरक जवळपास उलट दिशेने. गुरुत्वाकर्षणाखाली काहीतरी झुकतंय, यात आता शंका उरली नाही. याला डिफरन्शिअल फ्लेक्शर म्हणतात. वाचलं पूर्वी अनेकदा होतं, स्वतःच्या आकड्यांत आज पहिल्यांदा पाहिलं.

एक हिशेब मुद्दाम करून ठेवतो. गाइड दुर्बिणीच्या दोन रिंगांमध्ये १०० मिमी अंतर आहे. नळी ३.१ विकला कलायला एका रिंगमधलं टोक किती खचावं लागेल? १०० गुणिले ३.१ भागिले २०६२६५, म्हणजे ०.००१५ मिमी. दीड मायक्रॉन. पाच मिनिटांत दीड मायक्रॉन खचलं की फोटो गेला. हाताने हलवून “घट्ट आहे की” असं म्हणण्यात काही अर्थ नाही, हे या आकड्याने पटलं.

९ फेब्रुवारी

झुकण्याची ठिकाणं बरीच असू शकतात: गाइड दुर्बिणीच्या रिंगा, तिचा फोकसर, गाइड कॅमेऱ्यावर लोंबणारी केबल, मुख्य फोकसर, मुख्य आरसा. एका रात्रीत एकच गोष्ट बदलायची असं ठरवलं, नाहीतर काय लागू पडलं ते कळणार नाही.

पहिली चाचणी बोटाची. ट्रॅकिंग चालू, गायडिंग बंद, गाइड कॅमेऱ्याचं चित्र पडद्यावर. गाइड दुर्बिणीच्या पुढच्या टोकाला बोट अगदी हलकं टेकवलं. तारा दोन पिक्सेल सरकला. बोट काढलं. तारा एकच पिक्सेल परत आला, उरलेला एक तिथेच राहिला. तीनदा केलं, तीनदा तेच.

नळी लवचीक असती तर दाब काढल्यावर पूर्ण परत आली असती. अर्धीच परतते, म्हणजे ती कुठेतरी घसरतेय. रिंगांना तीन-तीन स्क्रू आहेत आणि त्यांच्या टोकांना नायलॉन, नळीवर ओरखडे पडू नयेत म्हणून. स्क्रू काढून पाहिले. टोकं चपटी होऊन एका बाजूला झिजलेली. नायलॉन दाबाखाली सावकाश पसरत जातं, तीनही टोकं वेगवेगळ्या वेगाने. दुर्बीण अलगद धरायला ही रचना चांगली, पण मायक्रॉनच्या कामाला नाही.

यूएसबी केबलही गाइड कॅमेऱ्यावरून अर्धा मीटर मोकळी लोंबत होती. ती मुख्य नळीला बांधली आणि कॅमेऱ्याशी एक सैल वळसा ठेवला. ही दुसरी गोष्ट एकाच दिवशी बदलली खरी, पण केबल तशी लोंबती ठेवून पुढची मोजणी करण्यात काही हशील नव्हतं.

१२ फेब्रुवारी

पौर्णिमा, आणि चंद्र सिंहेतच. दुर्बीण झाकलेली. दिवसा नवीन रिंगा बसवल्या: दोन अर्धगोलांच्या, पूर्ण घेराने नळीला आवळणाऱ्या, आत पातळ फेल्टसुद्धा नाही. गाइड दुर्बिणीचा फोकस एकदा साधून फोकसरचा लॉक स्क्रू घट्ट केला.

१५ फेब्रुवारी

८ तारखेचीच चाचणी, त्याच भागात. सरक तासाला ३७ वरून १४ विकलांवर आली. मोठा भाग रिंगांचा होता तर.

१४ म्हणजे फ्रेममागे १.२ विकला, दीड पिक्सेल. तारे आता दाणे नाहीत, अंडाकृती आहेत. लांबून पाहणाऱ्याला कदाचित कळणारही नाही, पण मला दिसतात.

१८ फेब्रुवारी

आता मुख्य आरसा. न्यूटनियनमध्ये आरसा तीन स्प्रिंगांवर बसतो आणि कोन बदलायचे तीन स्क्रू मागे असतात. आरसा जितका कलतो त्याच्या दुप्पट कोनाने प्रतिमा सरकते. तासाला १४ विकला सरक यायला आरसा ७ विकला कलला तरी पुरे. २०० मिमी व्यासावर ते सुमारे ७ मायक्रॉन होतात.

लेझर कोलिमेटर (आरशांची जुळणी दाखवणारा लेझर) लावून नळी आडवी ठेवली, ठिपका मध्यावर आणला. मग नळी हळूहळू खस्वस्तिकाकडे, थेट डोक्यावर, नेली. ठिपका कडेला सरकला. फोकसर हाताने आधार देऊन धरला तरी तेवढाच सरकला, तेव्हा दोष आरशाकडेच. मूळ स्प्रिंगा पातळ आहेत. त्या काढून जाड तारेच्या घातल्या आणि आरशाच्या कडेच्या तीन क्लिपा थोड्या आवळल्या.

रात्री फोकस करताना तारे त्रिकोणी दिसले. प्रत्येक तेजस्वी ताऱ्याला तीन बोथट कोपरे. क्लिपांनी आरसा चिमटला होता. काचेला तेवढा दाबही सोसत नाही. क्लिपा इतक्या सैल केल्या की खाली कागदाचा एक पदर सहज सरकेल. तारे पुन्हा गोल झाले. आरसा स्प्रिंगांनी धरायचा, क्लिपा तो फक्त पडू नये म्हणून.

सरक आता तासाला ९ विकला.

१९ फेब्रुवारी

आज आकाशाकडे पाहिलं नाही, विचार केला.

९ विकला म्हणजे ३०० सेकंदांत एक पिक्सेल. इथे थांबता येईल. फ्रेम १२० सेकंदांची केली तर सरक अर्ध्या पिक्सेलच्याही खाली जाते, आणि आजच्या सीमॉस कॅमेऱ्यांचा रीड नॉइज (चित्र वाचताना शिरणारा गोंगाट) इतका कमी असतो की छोट्या फ्रेम जास्त संख्येने घेऊन फारसं नुकसान होत नाही. लहान दुर्बिणीवर काम करणाऱ्याला मी हाच मार्ग सुचवेन.

पण १००० मिमीला गाइड दुर्बीण मुळातच आडवाटेची साक्षीदार आहे. आज स्प्रिंगा, उद्या फोकसर, परवा नळीचा पत्रा. प्रत्येक सांधा मायक्रॉनमध्ये बांधत बसण्यापेक्षा गाइड कॅमेऱ्याने त्याच आरशातून पाहावं हे बरं. मग आरसा झुकला तरी गाइड कॅमेऱ्यालाही ते तसंच दिसेल आणि माउंट ते भरून काढेल. ऑफ-ॲक्सिस गायडर बसवायचं ठरवलं.

२२ फेब्रुवारी

ऑफ-ॲक्सिस गायडर बसवला. प्रकाशाच्या वाटेत एक छोटा प्रिझम शिरतो, सेन्सरच्या कडेबाहेरचा प्रकाश उचलतो आणि बाजूच्या गाइड कॅमेऱ्याकडे वळवतो.

कोमा करेक्टरला सेन्सरपर्यंत ५५ मिमी अंतर लागतं. कॅमेरा १७.५, गायडर १६.५, राहिले २१ मिमी, तेवढ्या कड्या जोडल्या.

प्रिझम सेन्सरच्या लांब बाजूला ठेवला. तिथे तो केंद्राच्या जास्त जवळ येऊ शकतो आणि तारे बरे दिसतात. जास्त आत ढकलला तर सेन्सरवर सावली पडते. फ्लॅट फ्रेम (एकसारख्या उजेडाच्या फ्रेम) घेत घेत, सावली दिसेनाशी होईपर्यंत अर्धा-अर्धा मिमी मागे घेतला.

गाइड कॅमेऱ्याचा फोकस दिवसा साधून घेतला, दूरच्या मनोऱ्याच्या टोकावर. आधी मुख्य कॅमेरा फोकस करायचा, मग त्याला हात न लावता गाइड कॅमेरा पुढेमागे करायचा. रात्री काळ्या पडद्यावर फोकसबाहेरचा अंधुक तारा शोधत बसण्यापेक्षा हे कितीतरी सोपं.

२६ फेब्रुवारी

पहिला प्रयत्न. कॅलिब्रेशन (पल्स दिल्यावर तारा किती आणि कुठे हलतो याची मोजणी) नीट झालं नाही, फार थोड्या पावलांत उरकलं असा इशारा. कारण सरळ होतं. पीएचडी-२ च्या प्रोफाइलमध्ये नाभीय अंतर अजून २४० मिमी होतं. ते १००० केलं, कॅलिब्रेशनचं पाऊल नव्याने काढून घेतलं, नवीन डार्क लायब्ररी (प्रकाश बंद करून घेतलेल्या फ्रेमचा संच) केली. डार्क नसतील तर सॉफ्टवेअर एखाद्या हॉट पिक्सेललाच (प्रकाश नसतानाही उजळ दिसणाऱ्या) तारा समजून बसतं आणि आलेख अविश्वसनीय सपाट दाखवतं. कॅलिब्रेशन खगोलीय विषुववृत्ताजवळ, याम्योत्तराच्या आसपास केलं. वर ध्रुवाकडे गेल्यावर आरएची हालचाल आखडते आणि मोजमाप कच्चं राहतं.

गाइड क्षेत्रात तीनच तारे, तेही कडेच्या कोमामुळे पंख पसरल्यासारखे. ३ सेकंदांच्या एक्स्पोजरला चालले.

आरएमएस ०.६८. गाइड दुर्बिणीवर ०.५५ होता, म्हणजे आकडा वाढला. आणि ३०० सेकंदांच्या फ्रेममध्ये तारे गोल. मी चारही कोपरे, मग मध्यभाग, मग पुन्हा कोपरे पाहिले. गोल.

तासाभराची मोजणी केली. केंद्र दीड विकलेहून कमी हललं, तेही एका दिशेने नाही.

आता गाइड कॅमेऱ्याचा पिक्सेल ०.६० विकलेचा आहे. पूर्वी २.४९ च्या जाडसर पट्टीने जे दिसत नव्हतं ते आता दिसतंय, म्हणून आकडा मोठा. वेगवेगळ्या जोडणीचे आरएमएस एकमेकांशी ताडून पाहायचे नाहीत. ताडायचा तो फ्रेममधला तारा.

१ मार्च

पट्टी बारीक झाल्यावर आरएमधली एक लाट समोर आली, वर-खाली, ठरलेल्या अंतराने. गायडिंगचे पल्स बंद ठेवून ४५ मिनिटं लॉग घेतला. त्याच्या वारंवारता विश्लेषणात ठळक शिखर ६३८ सेकंदांवर. तारकीय दिवसाचे ८६१६४ सेकंद भागिले १३५ दात, म्हणजे बरोबर ६३८. वर्मची एक फेरी.

लाट दोन्ही बाजूंना १४ विकला. सगळ्यात तीव्र उतारावर ती सेकंदाला ०.१४ विकला धावते. ३ सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये ०.४ विकला चूक साचते आणि मगच दुरुस्ती पोहोचते. एक्स्पोजर २ सेकंद केलं. याहून खाली जायचं नाही, मग हवेच्या थरथरीचा पाठलाग सुरू होतो. आरएला प्रेडिक्टिव्ह पीईसी, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी लाट आधीच ओळखून दुरुस्ती देणारा पर्याय, निवडून कालावधी ६३८ दिला. दोन फेऱ्यांनंतर तो लाट ओळखू लागला, आणि आरएची रेष डेकच्या रेषेइतकीच अरुंद झाली.

४ मार्च

दुर्बीण लांब वळवली की गाइड कॅमेऱ्याचं कनेक्शन तुटतं, आज तीनदा. केबल बदलली, फरक नाही. मल्टिमीटर लावला. पुरवठ्याच्या टोकाला १२.४ व्होल्ट, माउंटपाशी दोन्ही मोटर धावताना ११.३. सहा मीटरची ०.७५ चौरस मिमीची वायर आहे. जाऊन-येऊन १२ मीटर तांबं, चार अँपिअरला १.१ व्होल्ट त्यातच खर्ची. २.५ चौरस मिमीची वायर घातली, घट ०.३ वर आली. त्यानंतर तुटलं नाही.

२९ मार्च

काल आणि आज दोन्ही रात्री स्वच्छ. ३०० सेकंदांच्या ४८ फ्रेम, चार तास. तीन काढून टाकल्या, दोन वाऱ्याने आणि एक उपग्रहाच्या जाड रेषेने. बाकी ४५ मध्ये याम्योत्तराच्या दोन्ही बाजूंच्या फ्रेम आहेत, आणि ताऱ्यांवरून कुठली कुठल्या बाजूची ते ओळखता येत नाही.

जोडलेल्या चित्रात दीर्घिकेचा मधला पट्टा स्वच्छ उठून आला. केंद्राभोवती नव्या ताऱ्यांच्या जन्माच्या ज्या तेजस्वी गाठी आहेत, त्या जानेवारीच्या फ्रेममध्ये एकच पांढरा डाग होत्या. आज त्यांतल्या तीन सुट्या दिसतात, चौथी अर्धवट.

गाइड दुर्बीण रिंगांसकट उतरवली. नळी पुन्हा तोलली, आरएमध्ये पूर्वेकडे किंचित जड ठेवली, म्हणजे दात एकाच बाजूने टेकून राहतील. पुढच्या अमावास्येपर्यंत फोकसर उघडून साफ करायचा आहे.